जावामध्ये जिट की एओटी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जावात सर्व्हर-ॲप लिहिणाऱ्यांना हे प्रश्न रोज पडतात, म्हणून उत्तरं जावाच्याच अंगाने दिली आहेत. जिट (जस्ट-इन-टाइम) म्हणजे ॲप चालू असताना मशीन कोड बनवणं, एओटी (अहेड-ऑफ-टाइम) म्हणजे बिल्डच्या वेळीच तो बनवून ठेवणं. जिटची बाजू म्हणजे ओपनजेडीकेमधलं (नेहमीच्या खुल्या जावामधलं) हॉटस्पॉट हे ॲप चालवणारं इंजिन आणि एओटीची बाजू म्हणजे ग्रालव्हीएम या जावाच्या दुसऱ्या संचातलं नेटिव्ह इमेज, जी ॲपची थेट चालणारी बायनरी बनवते. ॲन्ड्रॉइड, डॉटनेट आणि आयफोनबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे. आकडे ६४-बिट सर्व्हरवरच्या डिफॉल्ट सेटिंगचे आहेत.

प्रश्न: दोन्हींत नेमका फरक काय? एक आधी कंपाइल करतो, दुसरा नंतर, एवढंच ना?

वेळेचा फरक आहेच, पण त्यातून निघणारा माहितीचा फरक जास्त महत्त्वाचा आहे. जावासी (जावाचा सोर्स-कंपायलर) दोन्हीकडे सारखंच काम करतो: सोर्सचा बाइटकोड, म्हणजे मशीन कोडच्या आधीचं मधलं रूप, बनवतो. पुढे हॉटस्पॉट तो बाइटकोड आधी इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे एकेक सूचना वाचत, चालवतं. कोणती मेथड किती वेळा आली, कोणत्या कॉलच्या जागी प्रत्यक्षात कोणता क्लास आला, इफची कोणती बाजू कधीच घेतली गेली नाही, हे टिपून ठेवतं आणि त्या नोंदींवर मशीन कोड बनवतं. नेटिव्ह इमेजच्या हाती यातलं काही नसतं. त्या बदल्यात तिला बिल्डच्या वेळी सगळा प्रोग्रॅम एकत्र दिसतो आणि ‘नंतर नवा क्लास येणार नाही’ हे गृहीत धरता येतं. हॉटस्पॉटला ती मोकळीक नाही, कारण जावात चालू प्रोग्रॅममध्ये कधीही नवा क्लास लोड होऊ शकतो.

पुढच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांचं मूळ इथेच आहे.

प्रश्न: मेथड पहिल्यांदा कॉल झाली की लगेच मशीन कोड तयार होतो का?

नाही. जावा ८ पासून डिफॉल्ट असलेल्या टियर्ड (टप्प्याटप्प्याच्या) कंपायलेशनमध्ये पाच पातळ्या आहेत. ० म्हणजे इंटरप्रिटर. १, २ आणि ३ या सी-१ कंपायलरच्या. हा कंपायलर झटपट कोड देतो, पण फार डोकं लावत नाही. ४ म्हणजे सी-२, जो वेळ आणि मेमरी घेतो आणि सर्वांत चांगला कोड देतो. नेहमीचा प्रवास ० वरून ३ आणि ३ वरून ४ असा होतो. पातळी ३ वर कोड मोजणी करत करत चालतो, त्यामुळे तो पातळी १ पेक्षा बराच हळू असतो. ॲप अर्धवट तापलेलं असताना, म्हणजे सगळा गरजेचा कोड अजून पातळी ४ ला पोहोचलेला नसताना, ते अपेक्षेपेक्षा रेंगाळतं, त्याचं हे एक कारण.

साधारण २०० कॉल झाले की मेथड पातळी ३ च्या रांगेत जाते आणि त्यानंतर ५,००० कॉलला पातळी ४ च्या. कॉल कमी पण आत लूप मोठा असेल, तर कॉल आणि लूपच्या फेऱ्या मिळून २,००० आणि १५,००० या मर्यादा लागू होतात. मेन मेथडमध्ये एकच लांबलचक लूप असेल तर ती मेथड दुसऱ्यांदा कॉल होणारच नसते. अशा वेळी लूप चालू असतानाच मधल्या मधे कोड बदलला जातो, त्याला ऑन-स्टॅक रिप्लेसमेंट म्हणतात. कंपायलरची रांग लांबली की हे उंबरठे आपोआप वाढतात, त्यामुळे आकडे कोरीव समजू नका.

एक मर्यादा फारशी कुणाच्या ध्यानात नसते: ८,००० बाइटपेक्षा मोठा बाइटकोड असलेली मेथड हॉटस्पॉट कंपाइलच करत नाही. ती कायम इंटरप्रिटरमध्ये राहते. हाताने लिहिलेल्या कोडमध्ये हे क्वचित होतं, पण जनरेट केलेले पार्सर आणि हजार केस असलेले स्विच यांत हमखास सापडतं. उपाय सोपा आहे: मेथड फोडा.

प्रश्न: जिट काय करतो ते डोळ्यांनी बघता येतं का?

येतं. ॲप ‘-एक्सएक्स:+प्रिंटकंपायलेशन’ लावून सुरू करा. अशा ओळी धबाधबा पडू लागतील:

१८४७ ९१२ % ४ बिल::एकूण @ १२ (६४ बाइट)

डावीकडून वाचा. ॲप सुरू झाल्यापासून १,८४७ मिलिसेकंदांनी ९१२ क्रमांकाचं कंपायलेशन झालं. टक्क्याचं चिन्ह म्हणजे लूपच्या मधेच केलेली अदलाबदल. ४ म्हणजे सी-२. १२ हा बाइटकोडमधला तो जागा-क्रमांक जिथून नवा कोड सुरू झाला, आणि ६४ हा मेथडच्या बाइटकोडचा आकार. हा आकार कामाचा आहे: ३५ बाइटपर्यंतच्या मेथड सहज इनलाइन होतात (कॉलच्या जागी त्यांचा कोडच बसवला जातो), वारंवार येणाऱ्या मेथडना ३२५ बाइटपर्यंत मुभा मिळते.

त्याच मेथडच्या नावापुढे नंतर ‘मेड नॉट एंट्रंट’ दिसलं तर तो कोड बाद झाला. पातळी ३ चा कोड बाद होणं नेहमीचं आहे, कारण त्याची जागा ४ ने घेतलेली असते. पातळी ४ चा कोड बाद होत असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

प्रश्न: डीऑप्टिमायझेशन म्हणजे बग आहे का?

नाही. अंदाज चुकला की बनवलेला वेगवान कोड टाकून मागे येणं म्हणजे डीऑप्टिमायझेशन, आणि हॉटस्पॉटच्या वेगाचा पायाच तो आहे. समजा ‘सवलत’ नावाचा इंटरफेस आहे आणि सकाळपासून त्याची एकच अंमलबजावणी वापरात आली. सी-२ तो कॉल थेट इनलाइन करतो, वर फक्त ‘क्लास तोच आहे ना’ एवढी तपासणी ठेवतो. दुपारी दुसरा क्लास आला की तपासणी फसते, कोड टाकून दिला जातो, मेथड पुन्हा इंटरप्रिटरमध्ये येते आणि नव्या नोंदींवर परत कंपाइल होते. दोन क्लासपर्यंत दोन्हींचं इनलाइनिंग जमतं. तिसरा आला आणि तिघंही सारख्या प्रमाणात येऊ लागले, की साध्या व्हर्च्युअल कॉलवर समाधान मानावं लागतं. नुकसान त्या कॉलच्या खर्चाचं नसतं, इनलाइनिंगमुळे पुढे जे ऑप्टिमायझेशन झालं असतं ते बुडतं.

ही घसरण एकदोनदा झाली तर सोडून द्या. तीच मेथड दिवसभर वरखाली होत असेल तर तिथे येणाऱ्या क्लासची संख्या बघा, आणि एक्सेप्शन नेहमीच्या वाटेवर वापरलंय का तेही बघा.

प्रश्न: लॅपटॉपवर ॲप पटकन सुरू होतं, कंटेनरमध्ये मात्र मिनिटभर घुटमळतं. असं का?

बहुतेक वेळा सीपीयूच्या लिमिटमुळे. लिनक्सवर लिमिट १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत मोजली जाते. कुबरनेटीसमध्ये (कंटेनर चालवणाऱ्या यंत्रणेत) ५०० मिली-सीपीयू दिलेत म्हणजे प्रत्येक खिडकीत ५० मिलिसेकंद. जिटचे थ्रेड, गार्बेज कलेक्टरचे (नको झालेली मेमरी मोकळी करणाऱ्याचे) थ्रेड आणि तुमची रिक्वेस्ट हाताळणारे थ्रेड हे सगळे त्याच ५० मधून खातात. सुरुवातीला जिटची भूक सर्वांत मोठी असते. वाटा संपला की उरलेला वेळ अख्खं ॲप गोठून बसतं. त्यात लाइव्हनेस प्रोब (ॲप जिवंत आहे का हे बघणारी तपासणी) अधीर असेल तर कंटेनर मारला जातो, पुन्हा थंड सुरुवात होते आणि हे चक्र चालूच राहतं.

सुरुवातीसाठी वेगळा स्टार्टअप प्रोब द्या आणि त्याला सढळ वेळ ठेवा. सीपीयूची रिक्वेस्ट (राखीव वाटा) नेमकी ठेवून लिमिट सैल करा, किंवा क्लस्टरचं धोरण परवानगी देत असेल तर काढूनच टाका. आणखी एक गोष्ट तपासा: दोनपेक्षा कमी सीपीयू किंवा १,७९२ एमबीपेक्षा कमी मेमरी दिसली की जावा गुपचूप सीरियल (एकाच थ्रेडचा) गार्बेज कलेक्टर निवडतं. तुम्ही जी-१ च्या (एरवीच्या डिफॉल्ट कलेक्टरच्या) भरवशावर आकडे काढले असतील तर ते इथे लागू होत नाहीत.

रेडिनेस (रिक्वेस्ट घ्यायला तयार असल्याची खूण) देण्याआधी ॲपला कृत्रिम रिक्वेस्ट पाठवून तापवता येतं, पण त्या खऱ्या वापरासारख्या मिश्र असाव्यात. एकाच एंडपॉइंटवर दहा हजार रिक्वेस्ट मारल्या तर जिट एकांगी नोंदी शिकतो आणि खरी गर्दी आल्यावर डीऑप्टिमायझेशनची रांग लागते.

प्रश्न: काही दिवस चालल्यावर ॲप अचानक हळू झालं. हीप (ऑब्जेक्टची मेमरी) ठीक आहे, जीसी (गार्बेज कलेक्शन) ठीक आहे. जिटचा संबंध असेल का?

लॉगमध्ये ‘कोडकॅश इज फुल’ शोधा. तयार मशीन कोड ठेवायची जागा डिफॉल्ट २४० एमबी असते. ती भरली की कंपायलर थांबतो आणि नवी मेथड इंटरप्रिटरमध्येच अडकते. ‘जेकमांड’ या जावासोबत येणाऱ्या टूलला प्रोसेस क्रमांक आणि ‘कंपायलर.कोडकॅश’ दिलं की भरलेली जागा दिसते. टियर्ड कंपायलेशन बंद केलेलं असेल तर हीच जागा ४८ एमबीवर येते. जुन्या सल्ल्यावरून तो फ्लॅग लावून ठेवलेल्या ॲपमध्ये हे सापडतं.

प्रश्न: एओटी कोड तर थेट मशीन कोड असतो. मग तो नेहमीच वेगवान असायला नको का?

सुरुवात नक्कीच वेगवान होते. मोठ्या जावा ॲपला सुरू व्हायला सेकंद लागतात तिथे नेटिव्ह इमेज मिलिसेकंदांत उभी राहते, कारण क्लास लोड करणं, तपासणं, तापणं हे काहीच उरत नाही. मेमरीही कमी लागते: मेटास्पेस (क्लासच्या माहितीची जागा), प्रोफाइलच्या (चालू असताना टिपलेल्या) नोंदी आणि कंपायलरची स्वतःची मेमरी वाचते.

तासन्‌तास चालणाऱ्या ॲपच्या कमाल वेगाची गोष्ट निराळी. प्रोफाइल नसल्याने एओटीला कोणती वाट गरम आहे ते अंदाजाने ठरवावं लागतं. शिवाय बायनरी अनेक मशीनवर चालावी लागते, म्हणून नव्या सूचनासंचाचा पूर्ण वापर करता येत नाही. हॉटस्पॉट मात्र समोरचा सीपीयू बघून कोड बनवतं. नेटिव्ह इमेजच्या अलीकडच्या आवृत्त्या इंटेल-एएमडीवर एव्हीएक्स-२ हा सूचनासंच असलेला सीपीयू गृहीत धरतात. जुन्या मशीनवर बायनरी सुरूच होत नसेल तर ‘-मार्च=कम्पॅटिबिलिटी’ लावून पुन्हा बिल्ड करा.

ही दरी प्रोफाइल देऊन बरीच बुजवता येते. ओरॅकल ग्रालव्हीएममध्ये ‘--पीजीओ-इन्स्ट्रुमेंट’ने एक बिल्ड काढा, त्यावर खऱ्यासारखा लोड चालवा, ॲप नीट बंद करा. ‘डिफॉल्ट.आयप्रॉफ’ फाइल तयार होईल, ती ‘--पीजीओ’ला देऊन अंतिम बिल्ड करा. ॲप किल केलंत तर फाइल लिहिली जाणार नाही. कोड बराच बदलला की प्रोफाइल नव्याने घ्या.

गार्बेज कलेक्टरचाही विचार करा. नेटिव्ह इमेजचा डिफॉल्ट कलेक्टर सीरियल आहे, जी-१ फक्त ओरॅकल ग्रालव्हीएममध्ये आणि तोही लिनक्सवर. मोठा हीप आणि भरपूर थ्रेड असलेल्या ॲपमध्ये हळूपणाचा आळ एओटीवर येतो, पण दोष कलेक्टरचा असतो. कमाल हीपची मर्यादाही वेगळी आहे: हॉटस्पॉट उपलब्ध मेमरीच्या २५ टक्के घेतं, सीरियल कलेक्टरची नेटिव्ह इमेज ८० टक्क्यांपर्यंत जाते. ‘-एक्सएमएक्स’ स्वतः द्या.

प्रश्न: नेटिव्ह इमेज बिल्ड झाली, पण चालवल्यावर भलतीकडेच एरर येते. काय चुकलं?

नव्वद टक्के वेळ रिफ्लेक्शनवर (चालू असताना नावावरून क्लास, मेथड, फील्ड शोधण्यावर) घालवायची तयारी ठेवा. बिल्डच्या वेळी मेन मेथडपासून जिथवर पोहोचता येतं तेवढाच कोड बायनरीत जातो. क्लासचं नाव स्ट्रिंगमधून येत असेल, कॉन्फिग फाइलमधून येत असेल, किंवा एखादी लायब्ररी फील्ड शोधत असेल, तर ती पोहोच दिसत नाही आणि तो भाग गळतो.

नमुनेदार उदाहरण जॅक्सनचं, म्हणजे ऑब्जेक्टचं जेसन करणाऱ्या लायब्ररीचं, आहे. उत्तर म्हणून पाठवायचा क्लास नोंदवलेला नसेल तर जॅक्सनला त्यात एकही गेटर सापडत नाही. एरर येते की सीरियलायझर सापडला नाही, आणि त्याच ओळीत ‘फेल ऑन एम्प्टी बीन्स’ बंद करण्याची सूचना असते. ती ऐकू नका. बंद केलंत तर एरर जाईल आणि ग्राहकाला दोनशेच्या स्टेटससह रिकामे महिरपी कंस मिळतील. हे एररपेक्षा वाईट आहे.

योग्य मार्ग असा: आधी ॲप ग्रालव्हीएमच्या साध्या जावावर ‘-एजंटलिब:नेटिव्ह-इमेज-एजंट’ लावून चालवा आणि त्याला कॉन्फिगची डिरेक्टरी द्या. इंटिग्रेशन टेस्ट पूर्ण पळवा, त्यात चुकीच्या इनपुटच्याही टेस्ट हव्यात, कारण एरर हाताळणारा कोडही रिफ्लेक्शन वापरतो. तयार झालेल्या फाइल रिसोर्सेसमध्ये मेटा-इन्फच्या खाली ‘नेटिव्ह-इमेज’ डिरेक्टरीत ठेवा. एजंटला जे घडताना दिसलं तेवढंच तो लिहितो. टेस्टने न शिवलेली वाट प्रॉडक्शनलाच फुटते. म्हणून नेटिव्ह बायनरीवर टेस्ट पुन्हा चालवणं हा ऐच्छिक भाग समजू नका.

स्प्रिंग बूट ३ हे जावा फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनी एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी: स्प्रिंगची प्रोफाइल (स्टेजिंग, प्रॉडक्शन अशा परिस्थितीनुसारच्या सेटिंग) आणि ‘कंडिशनल’वाल्या अटी बिल्डच्या वेळीच ठरतात. एकच बायनरी स्टेजिंगला एक बीन (स्प्रिंगने बनवून दिलेला ऑब्जेक्ट) आणि प्रॉडक्शनला दुसरं बीन देईल, ही अपेक्षा फोल आहे. क्लास बिल्डच्या वेळी इनिशियलाइझ करायला सांगितलात तर त्याच्या स्टॅटिक फील्डमधली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमतही बिल्ड मशीनवरची, गोठवलेली असते. अशा फील्डमध्ये रँडम जनरेटर असेल तर ग्रालव्हीएम बिल्डच थांबवतं, आणि ते बरोबरच आहे: नाहीतर प्रत्येक कंटेनरने तेच ‘यादृच्छिक’ टोकन दिलं असतं.

प्रश्न: बिल्ड १३७ कोडने मरतो.

मेमरी संपली. नेटिव्ह इमेजच्या बिल्डला मध्यम स्प्रिंग ॲपसाठीही कित्येक जीबी आणि काही मिनिटं लागतात. २ जीबीच्या सीआय रनरवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या मशीनवर) प्रयत्न करू नका. रोजच्या कामात ‘-ओबी’ लावा, ऑप्टिमायझेशन कमी करून बिल्ड लवकर आटोपतो. रोजचा कोड मात्र साध्या जावावरच लिहा आणि तपासा.

बायनरी ज्या ओएसवर आणि ज्या आर्किटेक्चरवर बनते तिथलीच असते. एम-मालिकेच्या मॅकवर बनवलेली फाइल लिनक्स सर्व्हरवर चालणार नाही. नव्या डिस्ट्रोवर बनवून जुन्यावर नेली तर ‘जीलिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) आवृत्ती सापडली नाही’ असं येतं, म्हणून बिल्डसाठी जुनी बेस इमेज घ्या. अल्पाइन या छोट्या लिनक्सवर न्यायचं असेल तर मसल या त्याच्या सी लायब्ररीसह स्टॅटिक बिल्ड करा.

प्रश्न: मग आमच्यासाठी कोणतं?

प्रोसेस किती वेळ जगते ते आधी बघा. कमांडलाइन टूल, सर्व्हरलेस फंक्शन, वापर नसताना शून्यापर्यंत खाली येणारी सर्व्हिस, यांना तापायला वेळच मिळत नाही: एओटी. आठवडाभर चालणारी, भरपूर ट्रॅफिक घेणारी, मोठ्या हीपची सर्व्हिस: जिट. प्लगिन लोड करणारं किंवा चालू असताना बाइटकोड बनवणारं ॲप: जिट, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मधल्या सगळ्यांनी पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय नेटिव्ह इमेजला हात घालू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: मधला मार्ग आहे का?

आहे, आणि तो दुर्लक्षित आहे. जावा २४ (मार्च २०२५) मध्ये एओटी कॅश आली. तिच्यात क्लास आधीच वाचून, जोडून ठेवलेले असतात; कंपायलेशन जिटच करतो, त्यामुळे रिफ्लेक्शन पूर्वीसारखंच चालतं. या कॅशच्या मूळ प्रस्तावातच दिलेल्या मोजमापात स्प्रिंग पेटक्लिनिक हे नमुना ॲप सुरू होण्याचा वेळ ४.४८६ सेकंदांवरून २.६०४ वर आला. जावा २५ मध्ये मेथडचं प्रोफाइलही कॅशमध्ये जातं, म्हणजे जिटला नोंदी गोळा करत बसावं लागत नाही.

जावा २५ वर प्रशिक्षणाच्या वेळी ‘-एक्सएक्स:एओटीकॅशआउटपुट=ॲप.एओटी’ लावून ॲप चालवा, त्यावर थोडा लोड टाका, नीट बंद करा. प्रॉडक्शनला ‘-एक्सएक्स:एओटीकॅश=ॲप.एओटी’ द्या. दोन्हीकडे जावाची आवृत्ती, ओएस आणि आर्किटेक्चर तेच हवं, क्लासपाथवर (क्लास शोधायच्या यादीत) जारच (क्लास एकत्र बांधलेल्या फाइल) हव्यात, डिरेक्टरी चालत नाहीत. स्प्रिंग बूटची एकसंध जार तशीच वापरलीत तर फायदा जवळजवळ मिळत नाही, कारण आतल्या जार स्प्रिंगचा स्वतःचा क्लासलोडर लोड करतो. ३.३ पासून ‘-डीजारमोड=टूल्स’ देऊन ‘एक्स्ट्रॅक्ट’ करता येतं, ते आधी करा. कॅश जुळली नाही तर जावा तिला वगळून पुढे जातं; सीआयमध्ये ‘एओटीमोड=ऑन’ ठेवा, म्हणजे न जुळणारी कॅश तिथेच उघडी पडेल.

नुसती छोटी स्क्रिप्ट किंवा युनिट टेस्ट लवकर पळवायच्या असतील तर ‘-एक्सएक्स:टियर्डस्टॉपॲटलेव्हल=१’ पुरतं. सी-२ बंद, सुरुवात हलकी, कमाल वेग कमी.

प्रश्न: तुलना मोजायची कशी?

एका आकड्यात कधीच नाही. पहिल्या यशस्वी रिक्वेस्टपर्यंतचा वेळ, प्रोसेसने प्रत्यक्ष धरलेली मेमरी, आणि तापल्यानंतरचा थ्रूपुट व ९९ व्या पर्सेंटाइलचा वेळ, हे तिन्ही वेगळे लिहा. मेमरी म्हणून हीपचा आकडा लावू नका. लोड निदान तितका वेळ ठेवा की प्रिंटकंपायलेशनमधल्या पातळी ४ च्या ओळी जवळजवळ थांबतील. छोट्या कोडसाठी जेएमएच हे मोजमापाचं टूल वापरा आणि निकाल त्याच्या ब्लॅकहोलला (निकाल वापरल्यासारखा गिळणाऱ्या ऑब्जेक्टला) द्या. हाताने लिहिलेल्या लूपमध्ये निकाल कुठे वापरला नाही तर सी-२ तो हिशेब उडवून लावतो आणि तुम्ही रिकामा लूप मोजत बसता.

प्रश्न: ॲन्ड्रॉइड, डॉटनेट, आयफोन इथे काय परिस्थिती आहे?

ॲन्ड्रॉइडने दोन्ही टोकं पाहिली. २.२ मध्ये (२०१०) डाल्विकला (ॲप चालवणाऱ्या तेव्हाच्या इंजिनाला) जिट मिळाला. ५.० मध्ये (२०१४) त्याच्या जागी एआरटी आलं आणि ॲप इन्स्टॉल होतानाच पूर्ण कंपाइल होऊ लागलं. त्याने जागा खाल्ली, आणि सिस्टिम अपडेटनंतर सगळी ॲप ‘ऑप्टिमाइझ’ होईपर्यंत फोन हातात धरून बसावं लागायचं. ७.० पासून (२०१६) दोन्हींची सांगड आहे: आधी जिट, आणि फोन चार्जिंगला निवांत असताना फक्त वापरात आलेल्या मेथडचं एओटी. पहिल्या वापराचा वेग हवा असेल तर ॲपसोबत बेसलाइन प्रोफाइल (आधीच कंपाइल करायच्या मेथडची यादी) द्या.

डॉटनेटमध्ये जिट डिफॉल्ट आहे आणि ७ व्या आवृत्तीपासून (२०२२) नेटिव्ह एओटीही आहे. रिफ्लेक्शनची दुखणी वर सांगितली तशीच. आयफोनवर सामान्य ॲपला चालू असताना मशीन कोड बनवायची परवानगी नाही, म्हणून फ्लटर हे मोबाइल ॲपचं फ्रेमवर्क डेव्हलपमेंटला जिट आणि रिलीजला एओटी वापरतं.

प्रश्न: नेटिव्ह इमेज प्रॉडक्शनला गेली की हीप डंप, प्रोफायलिंग मिळतं का?

बिल्डच्या वेळी मागितलंत तरच. ‘--एनेबल-मॉनिटरिंग’ला हीपडंप आणि जेएफआर (जावाचं घडामोडी टिपणारं टूल) द्या, ‘-जी’ने डीबग माहिती ठेवा, मग जीडीबी आणि पर्फ ही लिनक्सची नेहमीची हत्यारंही चालतात. सुरू करताना लावायचे जावा-एजंट मात्र हॉटस्पॉटवर चालतात तसे इथे चालत नाहीत, त्यामुळे तुमचं ट्रेसिंग (रिक्वेस्टचा माग ठेवणं) अशा एजंटवर उभं असेल तर ते लायब्ररीच्या रूपात कोडमध्ये आणावं लागेल. हे काम मायग्रेशनच्या अंदाजात धरायचं बहुतेक वेळा राहून जातं. पहिली बायनरी बनवायच्या आधीच मॉनिटरिंग सांभाळणाऱ्यांशी बोलून घ्या.